गाडी बोटीत, आबा गाडीत

"आबांची अजिबात काळजी करू नका," मी नितीनला म्हणाले. "गाडी बोटीत, आबा गाडीत. त्यांना सीटवरून हलायचीसुद्धा गरज नाही."

वाक्य मला इतकं आवडलं की मी ते पुन्हा एकदा म्हटलं.

रियाधमधल्या ओलाया भागातल्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात, टेबलाच्या पलीकडे दोघं बसले होते. नितीन, चाळिशीचा, शेजारच्या टॉवरमधल्या कन्सल्टन्सीत इंजिनियर, मूळचा रत्नागिरीकडचा. आणि त्याचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, एक गुडघा ऑपरेशन झालेला, दुसरा कुरकुरणारा. व्हिजिट व्हिसावर मुलाकडे आले होते. मी अर्धा तास फक्त नितीनशीच बोलत होते. माझ्या यादीत मोठ्या बॅगा दोन, लहान बॅगा तीन आणि आबा एक असा हिशोब होता.

ही सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाच्या मला तुम्ही पाहायला हवं होतं. केसांना ताजी मेंदी, गळ्यात आयडी कार्ड, समोर रंगीत पेनांचा गठ्ठा. सौदीत बायकांना गाडी चालवायची परवानगी नुकतीच मिळाली होती. माझ्याकडे लायसन्स नव्हतं, गिअर आणि हँडब्रेक यांतला फरकही विचारून सांगावा लागे. पण भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने दोन हजार किलोमीटर गाडी कशी न्यावी, हे मी लोकांना मोठ्या अधिकाराने सांगत असे. भूमध्य समुद्र मी ब्रोशरमध्ये पाहिला होता.

प्लॅन मात्र देखणा होता. रोमला भाड्याची गाडी घ्यायची. चिविताव्हेक्या या बंदरातून गाडीसकट फेरीने सार्डिनिया बेटावर जायचं, सहा तास. बेट पाहून दुसऱ्या टोकावरून रात्रीच्या फेरीने बार्सिलोना, बारा तास. तिथून फ्रान्सच्या किनाऱ्याने गाडी चालवत परत रोम. एकूण पंधरा दिवस. भाड्याची गाडी बोटीवर न्यायला कंपनीची लेखी परवानगी लागते, तीही मी काढली होती. नितीन आणि त्याची बायको मीनल यांचे युरोपचे व्हिसा इकाम्यावर, म्हणजे सौदीतल्या रहिवासी परवान्यावर, रियाधमधून झाले. व्हिजिटवर आलेल्या माणसाला असा व्हिसा इथून सहसा मिळत नाही, म्हणून आबांचा मुंबईहूनच काढून आणला होता. त्यावर मुक्काम छापलेला होता, बरोबर पंधरा दिवस.

तर, इतका वेळ डोळे मिटून बसलेल्या आबांनी डोळे उघडले.

"कुठल्या बोटीत, ताई?"

"फेरीत, आबा. गाड्या नेणारी बोट."

"आणि बारा तास मी गाडीत बसायचं?"

"आरामात! सीट मागे करून."

आबा हसायला लागले. खोकला लागेपर्यंत हसले. नितीनने पाणी पुढे केलं.

"गाव कुठलं तुमचं?"

"गुहागर."

"तरीच! दाभोळची फेरीबोट घेऊन बसल्येत डोक्यात!"

अगदी खरं होतं. फेरी म्हणजे काय, याचं माझं सगळं ज्ञान दाभोळच्या खाडीतलं. गाडी बोटीवर चढवायची, काचा खाली करायच्या, दहा मिनिटांत पलीकडे. आमच्या सासूबाई तर गाडीतून उतरल्याच नव्हत्या. मस्त डुलकी काढली होती त्यांनी. दहा मिनिटं बसता येतं तर बारा तास का नाही, असा माझा शास्त्रशुद्ध विचार.

"बाय," आबा म्हणाले. गाव कळल्यावर मी ताईची बाय झाले होते. "मोठ्या बोटीत गाड्या खाली पोटात असतात. बोट सुटायच्या आत सगळ्यांना वर काढतात आणि दारं बंद करतात. खाली आग लागली, एखादा ट्रक सरकला, तर माणूस नको तिथे. कुत्रंसुद्धा बसू देत नाहीत."

"मग वर जायचं कसं?" नितीनने मला विचारलं.

"जिने असतील," मी म्हणाले. आवाज जरा बारीक झाला होता.

"किती?"

मला माहीत नव्हतं. केबिनसुद्धा मी दोघांचीच घेतली होती.

नितीनने प्लॅनचे कागद गोळा केले. "नाही जमायचं, आबा. तीन-चार मजले चढणार का तुम्ही? मुंबईला अक्काकडे जा. आम्ही दोन आठवड्यांत जाऊन येतो."

"बरं," आबा म्हणाले आणि काठी उचलली.

भांडणाऱ्या गिऱ्हाइकाला मी कधी घाबरले नाही. त्या 'बरं'ला घाबरले. आणि प्लॅन सुरू झाल्यापासूनच्या दीड महिन्यात पहिल्यांदाच आबांना एक प्रश्न विचारला.

"आबा, तुम्हाला का जायचं होतं?"

"मी तीस वर्षं बोटीवर होतो. इंजिनरूममध्ये ऑइलर. चालत्या मशीनला तेल घालत फिरायचं. सुवेझमधून वर गेलो की जिनोआ, मार्सेय, बार्सिलोना. किती वेळा गेलो, मोजलं नाही. पण बंदर येताना कधी पाहिलं नाही. बोट धक्क्याला लावायची वेळ आली की स्टँडबाय, आमची सगळी माणसं खाली. काम संपवून वर यावं, तर बोट बांधलेली आणि समोर गोदाम." त्यांनी काठी टेबलाला टेकवली. "एकदा नुसतं वरून बघायचं होतं. येताना."

नितीन वडिलांकडे बघत राहिला. त्यालाही हे माहीत नव्हतं. मी माझ्या रंगीत कागदांकडे पाहिलं. त्या माणसाला मी पुन्हा खालीच बसवणार होते, वर सीटबेल्ट लावून.

"मला उद्यापर्यंत वेळ द्या," मी म्हणाले.

आमचे मॅनेजर बशीरभाई केरळचे. त्यांची नि माझी भाषा हिंदी, दोघांचीही मोडकी.

"बशीरभाई, मुझसे गलती हो गया."

"कितना बड़ा?"

"एक बुजुर्ग जितना."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला. "मॅडम, फेरी में कभी बैठी हो?"

"हाँ."

"कितना देर?"

"दस मिनट."

ते हसले नाहीत, हे त्यांचे माझ्यावर मोठे उपकार. म्हणाले, "कल बुकिंग पक्का करना है. आज ईमेल नहीं, फोन करो. सीधा पोर्ट. आपका बाकी काम मैं देखता." आणि खरोखर माझ्या खुर्चीवर बसून त्यांनी त्या दिवशी माझ्या मक्केला जाणाऱ्या उमरा यात्रेकरूंच्या ग्रुपची तिकिटं स्वतः केली. मॅनेजर असा असतो, हे मला त्याआधी माहीत नव्हतं. त्यानंतरही फारसं दिसलं नाही.

फेरी कंपनीचा फोन चौथ्या प्रयत्नात लागला. पलीकडे एक इटालियन बाई. तिचं इंग्रजी तुटक, माझं घाईचं. मी आधी सगळी हकिगत सांगायला लागले. तिने थांबवलं. "मॅडम, चालू शकतात की नाही?"

"थोडं. जिने नाही."

मग तिनं एकेक गोष्ट नीट सांगितली आणि मी शाळकरी मुलीसारखी लिहून घेतली. गाड्यांच्या मजल्यावरून वर लिफ्ट जाते. पण त्यासाठी आधी कळवावं लागतं, म्हणजे आपली गाडी लिफ्टच्या शेजारी लावून घेतात. बंदरावर दोन तास आधी यायचं. बोटीची व्हीलचेअर मिळते. रुंद दाराची, न्हाणीघरात धरायला दांड्या असलेली केबिन असते, पण एका बोटीवर मोजक्याच.

"तुमच्या तारखेच्या बार्सिलोनाच्या बोटीवर संपल्या आहेत," ती म्हणाली. "दोन दिवसांनंतरच्या बोटीवर एक आहे."

"धरून ठेवा," मी म्हणाले. कुणालाही न विचारता.

मग शेवटचं विचारलं. "बोट बंदराला लागताना त्यांना वर डेकवर थांबता येईल का?"

"तेव्हा सगळ्यांना खाली बोलावतात."

मी पेन खाली ठेवलं.

"पण गाडीकडे फक्त ड्रायव्हर जातो," ती पुढे म्हणाली. "बाकीचे चालत उतरतात. व्हीलचेअरवाले सगळ्यांत शेवटी. आमचा माणूस येईपर्यंत त्यांनी वरच थांबायचं."

मी तिला मराठीतच "देव तुझं भलं करो" म्हणाले. तिला काय कळलं कोण जाणे, ती इटालियनमध्ये "प्रेगो" म्हणाली, म्हणजे 'आभार कसले'.

आता दोन दिवसांचा पेच. बेटावर दोन दिवस जास्त म्हणजे ट्रिप सतरा दिवसांची, आणि आबांच्या व्हिसावर पंधरा. ते दोन दिवस फ्रान्समधूनच कापावे लागणार होते. तिथे नीसला समुद्रासमोरचं हॉटेल मीनलने स्वतः निवडलं होतं. संध्याकाळी मी नितीनला फोन केला. त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"दोन्हीपैकी एकच जमेल," मी म्हणाले. "नीसचा मुक्काम, नाहीतर आबा."

 मग मीनलचा आवाज आला. "काकू, नीस कुठे पळून जातंय? खलास. कापून टाका."

मागून आबा म्हणाले, "अगं, पण तुझं हॉटेल?"

"आबा, आता गप्प बसा नाहीतर खरंच गाडीत ठेवीन."

दुसऱ्या दिवशी मी सगळा प्लॅन नव्याने केला. सार्डिनियाची फेरी मी आधी दुपारची धरली होती, म्हणजे सकाळी रोम बघता येईल. ती पोहोचायची अंधारात. ती बदलून सकाळची घेतली.

दीड महिन्याने मीनलने व्हिडिओ पाठवला. डेकवरचा कठडा, व्हीलचेअर, आबांच्या डोक्यावर कानटोपी. समोर समुद्रातून सरळ वर आलेला प्रचंड कातळ, त्यामागे ओल्बिया बंदर. वाऱ्याने अर्धे शब्द उडून जात होते.

"आबा, कसं वाटतंय?"

"थांब." त्यांनी तळवा कठड्यावर ठेवला. "आता खाली डेड स्लोची ऑर्डर आली, इंजिन अगदी हळू केलं. कळतंय हाताला."

मग बराच वेळ नुसता वारा. धक्का जवळ येत होता, त्यावरची माणसं दिसायला लागली होती. एकाने दोर झेलला. आबांनी कानटोपी काढली.

"लागली," ते म्हणाले.

मी तो व्हिडिओ बशीरभाईंना दाखवला. त्यांना मराठी येत नाही. दोनदा पाहिला त्यांनी.

परत मुंबईला गेल्यावर आबांनी फोन केला तो मला नाही, बशीरभाईंना. बोटीवर शिकलेल्या हिंदीत त्यांना सांगितलं, की तुमच्या मॅडमने फर्स्ट क्लास काम केलं. चुकीबद्दल अवाक्षर नाही. त्या माणसाने मला वाचवलं, शिकवलं, आणि वर श्रेयही मलाच दिलं.

मी अजूनही आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात जाते. आता सगळं मोबाइलवर दिसतं, लिफ्टचा नकाशासुद्धा. माझ्या नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आज्जी, यू डिडन्ट इव्हन गुगल इट?" नाही गं बाई. मला येत होतं ना सगळं.

नव्या पोरींना मी एवढंच सांगते. प्लॅन झाला की तो जाणाऱ्या प्रत्येकासमोर मोठ्याने वाचायचा, फक्त बुकिंग करणाऱ्यासमोर नाही. कोणी हसलं, तर छापायचा नाही.