पालथी फाईल

टेबलाजवळ कोणी आले की बाई समोरची फाईल पालथी घालीत. येणारा संस्थेचा कार्यवाह असो, चहा आणणारा असो की मी असो. उजव्या तळहाताची एकच सवयीची हालचाल होई, फाईल उलटी पडे, तिच्यावर शिसपेन्सिल आडवी ठेवली जाई आणि मगच बाई वर पाहत. "बोला काका." आपल्याला पाहताच काहीतरी झाकणारे असे एखादे माणूस तुमच्याही परिचयात असेल. आपण काही चोरायला आलेलो नाही हे ठाऊक असूनही त्याच्यासमोर आपल्याला चोरट्यासारखे वाटते. मी जितकी वर्षे तेथे गेलो तितकी वर्षे मला तसे वाटले, आणि तितकी वर्षे मी बाईंवर रागावलेला होतो.

मुलुंड पूर्वेला एका सोसायटीच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत, आमची संस्था चालते. आजाऱ्याची सेवा करून थकलेले घरचे लोक, मुलांनी बोलणे टाकलेले म्हातारे, घरात त्रास सोसणाऱ्या बायका येथे येतात. एका महामंडळाच्या विधी विभागातून मी निवृत्त झालो आणि मंगळवारी व शुक्रवारी येथे लोकांना अर्ज लिहून देऊ लागलो. पत्र कसे लिहावे हे मला कळते. विषय, संदर्भ, मुद्दे, विनंती, आणि शेवटी, उत्तर न आल्यास काय करण्यात येईल याची पूर्वसूचना. वॉर्ड ऑफिसात माझे अक्षर ओळखतात. आनंदाने ओळखतात, असे माझे म्हणणे नाही.

बाई नोंदी ठेवीत आणि येणाऱ्यांचे ऐकून घेत. भांडुपच्या जुन्या गावठाणातल्या ख्रिस्ती घरातल्या. वय पंचावन्नच्या पुढे, सुती साडी, गळ्यात बारीक क्रूस, कमरेला किल्ली. फाईलवर नाव कधी नसे, केवळ क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा हे सांगणारी वही दुसऱ्या खोलीतल्या कपाटात असे. येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या क्रमांकाचे लहानसे पिवळे कार्ड मिळे. त्यावर संस्थेचे नावसुद्धा नसे. "कुणाच्या घरी सापडलं तर?" असे बाई म्हणत. बाहेर बाकावर बसलेल्यांना त्या नावाने हाक मारीत नसत. उठून त्या माणसासमोर जाऊन उभ्या राहत आणि मान हलवीत. मग दोघे आत जात आणि दार अर्धे लोटले जाई.

त्या अर्ध्या दाराचा मला हेवा वाटे. माझ्यासमोर बसलेला माणूस मला जन्मतारीख सांगे, पत्ता सांगे, शिधापत्रिकेतली चूक सांगे. मी त्याच्यासाठी दोन पानी मुद्देसूद अर्ज लिहीत असे. तो माझे आभार मानी आणि बाईंच्या खोलीत जाऊन रडे. एक आजोबा माझ्यापुढे तीन महिने 'हो' आणि 'नाही' यांपलीकडे गेले नाहीत. आत गेले की त्यांचे हसणे बाहेर ऐकू येई. ते इतके कशाला हसतात, हे मी एकदा न राहवून विचारले. बाईंनी पेन्सिल सरळ केली.

"ऐकलं मी, काका. चहा घेणार?"

हे त्यांचे ठरलेले वाक्य. वडिलांनी फ्लॅटविषयी काय सांगितले ते विचारायला आलेल्या मुलालाही तेच, आणि दिवाळीला ब्लँकेटे वाटायची म्हणून म्हाताऱ्यांची यादी मागणाऱ्या पक्षकार्यकर्त्यालाही तेच. कार्यकर्ता चिडला. "मॅडम, चांगलंच काम करतोय ना आम्ही?" बाई म्हणाल्या, "मग ब्लँकेटं इथं ठेवून जा. ज्याला थंडी वाजेल त्याला मी देते." ब्लँकेटे आली नाहीत.

देणगी देणाऱ्या एका कंपनीचा अधिकारी अंधेरीहून आला होता. त्याला अहवालासाठी लाभार्थींचे फोटो हवे होते. बाईंनी त्याला दाराबाहेर नेले आणि काढून ठेवलेल्या चपला दाखवल्या. "यांचा काढा. माणसं तेवढीच आहेत आत." त्याने खरोखरच काढला आणि तो छापून आला. माझी कोल्हापुरी चप्पल त्यात उजवीकडून तिसरी आहे. लाभार्थी म्हणून.

"तुमच्या चर्चमध्ये फादरला पापं सांगतात, त्यातलाच हा प्रकार," असे मी एकदा म्हणालो. त्यात कौतुक नव्हते. "तिथं दोघांच्या मध्ये जाळी असते," बाई म्हणाल्या. "इथं जाळी नाही. म्हणून फाईल पालथी घालायची."

हे सर्व मी घरी जेवताना पत्नीला सांगत असे. अर्थात तक्रार म्हणून. ती वाढता वाढता ऐके. एकदा तिने विचारले, "खरंच कुणालाच सांगत नाहीत त्या?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो. "आठवड्यातून दोनदा जातो मी तिथे. मलासुद्धा नाही."

तिने आमटीचे पातेले खाली ठेवले आणि पुन्हा काही विचारले नाही. संस्थेची इतकी परिणामकारक जाहिरात आजवर कोणी केली नसेल. ती मी केली हे मला कळायला चार वर्षे जावी लागली.

त्यानंतर काही महिन्यांनी माझ्यापुढे अर्ज साचू लागले, म्हणून मी बुधवारीही यायची तयारी दाखवली. "बुधवार नको, काका." कारण विचारले तर म्हणाल्या, खोली लहान आहे. खोली मंगळवारीही तेवढीच असते, ही बाब मी लेखी निदर्शनास आणून दिली. उत्तर आले नाही.

त्याच वर्षी विश्वस्तांनी गोपनीयतेचा नियम लेखी करायचे ठरवले आणि मसुदा अर्थातच माझ्याकडे आला. लाभार्थीने दिलेली माहिती त्याच्या लेखी संमतीखेरीज कोणासही दिली जाणार नाही, असे मी लिहिले. माझ्या लेखनावर कधी चकार शब्द न काढणाऱ्या बाईंनी त्या दिवशी प्रथमच काही मागितले. "कोणासहीच्या पुढे एवढं घालाल का? नात्यानं कितीही जवळचं असलं तरी." सूचना योग्य होती. मी ती कायद्याच्या भाषेत बसवली: 'मग ती व्यक्ती नात्याने कितीही निकटची असो, लाभार्थीच्या हयातीत अथवा पश्चात.' 'पश्चात' हा शब्द मी स्वतःहून घातला. बाईंना जे सुचले नव्हते ते मला सुचले, याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

पुढे एका रविवारी मी आणि पत्नी स्टेशनजवळच्या बाजारात भाजी घेत होतो. समोरून बाई आल्या. "काय काका," एवढेच म्हणून त्या कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करून पाहू लागल्या. पत्नी मान वर न करता दोडके निवडत राहिली. मी ओळख करून देणार तोवर बाई पुढे निघून गेल्या. मंगळवारी मी त्यांना सुनावले: तुम्ही माझ्या पत्नीकडे साधे पाहिलेही नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "रस्त्यात ओळख मी आधी देत नाही, काका. समोरच्यानं दिली तर घेते." ही त्यांची येणाऱ्या लोकांबाबतची पद्धत मला ठाऊक होती. ती आमच्या घराला का लागू व्हावी, हे विचारण्याची बुद्धी मला झाली नाही.

तीन वर्षांपूर्वी पत्नी गेली. बाई भेटायला आल्या. दाराजवळच्या खुर्चीवर बसून त्या फोटोकडे पाहत राहिल्या. माझ्याकडे फारसे पाहिले नाही. महिन्याभराने मी तिच्या वस्तू आवरायला घेतल्या. तिच्या चष्म्याच्या घरात, काच पुसायच्या फडक्याखाली, एक पिवळे कार्ड होते. त्यावर क्रमांक होता, आणि अक्षर बाईंचे होते.

तुम्ही काय केले असते मला ठाऊक नाही. मी पत्र लिहिले. विषय: दिवंगत पत्नीच्या फाईलची प्रत मिळणेबाबत. पती, कायदेशीर वारस आणि संस्थेचा स्वयंसेवक अशा तिन्ही नात्यांनी मागणी केली. सात दिवसांची मुदत दिली. प्रती सर्व विश्वस्तांना. उत्तर आले नाही, तेव्हा आठव्या दिवशी मी स्वतः गेलो. तो बुधवार होता; त्यांचे 'बुधवार नको' आठवून मी मुद्दाम तोच निवडला होता.

बाईंनी फाईल पालथी घातली, पेन्सिल ठेवली. मी कार्ड टेबलावर ठेवले.

"काय बोलायची ती इथे येऊन?"

"ऐकलं मी, काका."

"ऐकू नका, सांगा. वारस आहे मी तिचा."

"वारसाला घर मिळतं. भांडी मिळतात. बोललेलं मिळत नाही."

"बेचाळीस वर्षं संसार केलाय मी. माझ्याविरुद्ध तक्रार करत होती का? तेवढं तरी सांगा."

बाई उठल्या, भिंतीवरची चौकट खिळ्यावरून काढली आणि माझ्यापुढे ठेवली. चौकटीत माझाच नियम होता. "तुम्हीच लिहिलंत," त्या म्हणाल्या. "चांगलं लिहिलंत." त्यांचा आवाज किंचित हलला होता. परंतु तो माझ्यासाठी हलला होता की तिच्यासाठी, हेही त्यांनी मला कळू दिले नाही.

मी संस्थेत जाणे बंद केले. घरी बसून मी बाईंना आणखी अकरा पत्रे लिहिली. एखाद्या परपुरुषाचा हेवा वाटला तर निदान त्याच्याशी भांडता येते. येथे माझ्या पत्नीचे चार वर्षांचे बुधवार एका परक्या बाईकडे होते, आणि भांडायला माझ्याजवळ माझेच कलम होते. ती मला काय बोलत असे, ते मी आठवून पाहिले: गॅस आला, भाजी कुठली करू, तुमचं पत्र आलंय. तिने एखादी गोष्ट काढली की मी तिला मुद्देसूद उत्तर देत असे. कदाचित जिथे उत्तर मिळत नाही अशी एक जागा तिला हवी असावी. हा माझा तर्क आहे. पुरावा त्या फाईलमध्ये होता.

गेल्या वर्षी बाईंचे गुडघे गेले आणि त्या वसईला बहिणीकडे राहायला गेल्या. कार्यवाहांनी मला निरोप पाठवला, अर्ज साचले आहेत, पुन्हा या. मी गेलो. अर्जांसाठी गेलो असे मी म्हणणार नाही.

बाईंच्या जागी चाळिशीच्या एक हसतमुख मॅडम बसल्या होत्या. सगळी माहिती संगणकावर चढत होती, दार सताड उघडे होते आणि प्रत्येक फाईलवर छापील नावाची पट्टी चिकटवलेली होती. "काका, तुमची पत्रं सापडली मला," त्या म्हणाल्या. "किती वर्षं पेंडिंग ठेवली होती! काकूंची फाईल काढून ठेवलीय. बसा ना, निवांत वाचा. मी कार्यवाह सरांना भेटून येते."

त्या गेल्या. फाईल टेबलावर सुलटी पडली होती. पट्टीवर माझ्या पत्नीचे संपूर्ण नाव होते, माझ्या नावासकट. मी चार-सहा पाने धरून चाललो होतो. फाईल दोन बोटे जाड होती. त्या जाडीनेच मला प्रथम घायाळ केले. एका पानाचा कोपरा बाहेर आला होता. त्यावर पेन्सिलीने लिहिलेले अर्धे वाक्य होते, आणि ते वाचायला मला फक्त चष्मा लावायचा होता. मी खिशात हात घातला.

तेवढ्यात मला बाहेर बाकावर बसलेली एक बाई दिसली. पस्तिशीची, मांडीवर पिशवी, मुठीत पिवळे कार्ड. ती माझ्याकडे पाहत नव्हती. उघड्या दारातून ती फाईलवरचे नाव वाचत होती. मग तिने हातातल्या कार्डाकडे पाहिले, ते पिशवीत टाकले आणि ती उठू लागली.

मी फाईल पालथी घातली. टेबलावर पेन्सिल नव्हती, म्हणून माझे पेन तिच्यावर आडवे ठेवले.

"बसा," मी तिला म्हणालो. "कोणी वाचत नाही."

मॅडम परत आल्या, तेव्हा मी दार अर्धे लोटून बाहेर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो होतो. "झालं वाचून?" त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. "अहो, तुम्हालाच हवी होती ना?" मी त्यांना भिंतीवरचा नियम वाचायला सांगितले. चौकट भिंतीवर नव्हती. ती कपाटामागे निघाली.

त्याच दिवशी मी तेथे बसून पत्र लिहिले. विषय: त्रयस्थ व्यक्तीस लाभार्थीची फाईल विनासंमती हाताळू दिल्याबाबत तीव्र निषेध. तिसऱ्या मुद्द्यात त्या त्रयस्थ व्यक्तीचे नाव व पत्ता नमूद केला, तो माझा होता. नावांच्या पट्ट्या काढाव्यात, वही पुन्हा निराळ्या कपाटात ठेवावी, पंधरा दिवसांत लेखी कळवावे. पंधराव्या दिवशी पट्ट्या निघाल्या. चिकटपट्टीबरोबर काही फायलींचे पुठ्ठेही सोलले गेले, त्याबद्दल मी वेगळे पत्र दिले आहे. बाकावरची ती बाई आता दर शुक्रवारी येते. मला तिची फक्त जन्मतारीख माहीत आहे.

निषेधाच्या पत्राची एक प्रत मी वसईला बाईंच्या पत्त्यावर पाठवली, पोचपावतीसह. उत्तर येणार नाही हे मला ठाऊक होते, आणि ते आलेही नाही. मला त्यांचा हेवा अजून वाटतो. बुधवारी अधिक वाटतो. आठ दिवसांनी पोचपावती तेवढी परत आली. तिच्यावर बाईंची सही शिसपेन्सिलीने केलेली होती. ती पोस्टाने कशी चालवून घेतली, हे विचारणारे पत्र मी अद्याप लिहिलेले नाही. पावती मी पत्नीच्या चष्म्याच्या घरात, पिवळ्या कार्डावर, पालथी ठेवली आहे.