समोरून काढलेला फोटो

पोलीस ठाण्यातल्या बाईंनी बाबांचा फोटो मागितला तेव्हा मला क्षणभर हायसं वाटलं. फोटो ना? हवे तेवढे घ्या. माझ्या मोबाइलमध्ये त्यांचे चारेकशे फोटो होते. बाबा सकाळपासून घरातून नाहीसे झाले होते, पण निदान ही एक गोष्ट तरी माझ्याकडे भरपूर आहे असं मला वाटलं.

आई गेल्यावर मी बाबांना सांगलीहून चेन्नईला आणलं, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्यांचं विसरणं आई असतानाच सुरू झालं होतं. तिने ते झाकून ठेवलं होतं एवढंच. इथे आल्यावर ते वाढलं. आधी हिंदी गेली, मग दिवस-वार गेले. मग मी कधी मुलगी असायचे, कधी त्यांची धाकटी बहीण. सोमवार ते शुक्रवार त्यांच्याजवळ एक बाई असायच्या. शनिवार-रविवार मी.

आणि नेमकी शनिवार-रविवारीच माझी हौस असायची. मी कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. ऑफिसातल्या कुणीतरी कॅमेऱ्याचा नाद लावला आणि मी त्यात नको इतकी बुडाले. साधे फोटो मला नकोच होते. साधे फोटो लग्नाचे फोटोग्राफर काढतात, असं मी तोंड वर करून सांगायचे. मला क्रिएटिव्ह पोर्ट्रेट करायची होती. त्याला तासन्‌तास न कुरकुरता बसणारं माणूस लागतं. ते माझ्या घरातच होतं.

बाबांच्या चेहऱ्यावर मी पुरणाच्या चाळणीतून ऊन पाडलं. त्यांना ओल्या काचेमागे बसवलं, मच्छरदाणीत बसवलं. लेन्सपुढच्या काचेला व्हॅसलीन फासून त्यांच्या चेहऱ्याच्या कडा विरघळवल्या. शटर हळू ठेवून त्यांना मान हलवायला लावली, की एका धडावर तीन धूसर तोंडं यायची. एकदा दोन फोटो एकमेकांवर चढवून एन्नोरच्या वीज केंद्राच्या धुराड्यांचा धूर त्यांच्या कपाळातून काढला. उजेडाचा अंदाज घ्यायला पहिले दोन-तीन फोटो सरळ काढावे लागायचे. ते मी त्याच दिवशी पुसून टाकायचे. कचराच तो.

आमच्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर या फोटोंचं फार कौतुक व्हायचं. ‘विसरणं’ नावाची मालिकाच केली होती मी. खरं सांगायचं तर बाबा जितके हरवत गेले, तितके मला फोटोत छान दिसायला लागले. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती. तेव्हा मी किती जणांना आवडलं ते बघत बसायचे.

त्या शनिवारी सकाळी मी कानांत हेडफोन घालून लॅपटॉपवर बसले होते. बाबांच्याच एका फोटोतला डावा गाल काळोखात घालवत होते आणि तो काही केल्या मनासारखा जमत नव्हता. तास-दीड तास गेला असेल. चहा हवा का विचारायला उठले तर खुर्ची रिकामी, बाथरूम रिकामं आणि दाराची कडी काढलेली.

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या मावशी भेटल्या. त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांची मराठी आमच्यापेक्षा जुनी आणि हेल तमिळ.

“अय्यो, गेले की ते! केस विंचरले होते. तुझ्यासंगती फोटोला निघाले म्हणून समजले मी.”

कधी गेले? तास झाला म्हणाल्या. माझं डोकं असं फिरलं की मी त्यांच्यावरच ओरडले. का अडवलं नाही, मला एक हाक का मारली नाही? त्यांनी लगेच चपला घातल्या आणि माझ्याबरोबर गल्ल्या धुंडाळायला निघाल्या. देवळापर्यंत गेलो, भाजीबाजारात गेलो, बसथांब्यावर गेलो. बाबा कुठेच नव्हते. शेवटी मावशी घरी थांबल्या, ते परत आलेच तर म्हणून, आणि मी पोलीस ठाणं गाठलं.

तिथल्या बाईंनी माझा मोबाइल हातात घेतला आणि एकेक फोटो सरकवायला लागल्या. पहिला पाठमोरा, खिडकीसमोर, नुसती काळी आकृती. दुसऱ्यात चाळणीचे ठिपके. तिसऱ्यात ओली काच. त्या सरकवत राहिल्या.

“मुगम एंगे मा?” त्यांनी विचारलं. चेहरा कुठाय?

मी मोबाइल जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि स्वतः शोधायला लागले. मागच्या महिन्यातले बघितले, मागच्या वर्षीचे बघितले. आहे, असणारच, एक तरी असेलच. अर्धा चेहरा होता. एक डोळा होता. कान तर इतक्या जवळून होता की त्यावरची लव मोजता आली असती. अख्खा चेहरा एकाही फोटोत नव्हता.

आधार कार्ड होतं, पण त्यावरचे बाबा दहा वर्षांपूर्वीचे, भरल्या गालांचे, मिशीवाले. चुलतभावाने सांगलीहून घाईघाईने एक फोटो पाठवला, तो कुणाच्या तरी लग्नातला, फेटा पार भुवयांपर्यंत उतरलेला. “आज शर्ट कोणता घातला होता?” बाईंनी विचारलं. मला सांगता येईना. सकाळी साडेआठचं ऊन त्यांच्या गालाच्या हाडावर कुठून येतं ते मला पाठ होतं, आणि शर्ट आठवत नव्हता! मी त्या टेबलासमोर रडले, चारचौघांत, मोठ्याने. बाईंनी पाणी पुढे केलं आणि मी सांगितलं तेवढं लिहून घेतलं: उंच, बारीक, पांढरे केस, फक्त मराठी बोलतात.

तिथून मी आमच्या जवळच्या मांबलम लोकल स्टेशनवर गेले. जिन्यापाशी बसणाऱ्या फुलवालीला त्यातल्या त्यात बरा फोटो दाखवला. तिने तो लांब धरून पाहिला, मग डोळ्यांजवळ आणून पाहिला.

“हे कुणीही असू शकेल गं,” ती तमिळमध्ये म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं.

मी केळीवाल्याला दाखवला, तिकीट खिडकीवर दाखवला, रांगेतल्या लोकांना दाखवला. शेवटी फोटो दाखवणं सोडून दिलं आणि हातवारे करूनच सांगत सुटले: एवढे उंच, असे वाकलेले, असे पाय ओढत चालतात. समोरून गाड्या येत होत्या, जात होत्या. त्यातल्या कुठल्याही एकीत ते बसले असतील, तांबरमकडे नाहीतर उलट बीच स्टेशनकडे, उपाशी, कुणाला काही विचारता न येता. त्यांना मधुमेह आहे. दुपारची गोळी घरी डबीत पडली होती. मी देवाधर्मातली नाही, पण त्या फलाटावर मला आठवतील तेवढ्या देवांना हात जोडले आणि वाट्टेल ते कबूल केलं. कॅमेरा फोडून टाकीन, असंही म्हणाले. एकदा फक्त ते मिळू देत.

साडेतीनला ठाण्यातून फोन आला. एग्मोर स्टेशनवर रेल्वे पोलिसांकडे एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांची भाषा कुणाला कळत नाही, जाऊन बघा. माझे चारशे फोटो कुणाच्या उपयोगाला आले नव्हते. बाबांची मराठी आली.

बाबाच होते. बाकावर बसून चहा पीत होते. शर्ट निळा होता, बटणं एक घर चुकवून लावलेली. मी धावत जाऊन त्यांचे गुडघे धरले, तर त्यांनी दचकून आधी चहा सावरला.

तिथले हवालदार वयस्क होते. त्यांनी माझं ओळखपत्र पाहिलं आणि नोंदीसाठी आम्हा दोघांचा फोटो घ्यायला मोबाइल वर केला. ते दिसताच बाबांनी कप खाली ठेवला. मान खिडकीच्या उजेडाकडे वळवली, हनुवटी जराशी उचलली, डोळे मिटले आणि श्वास रोखून बसले.

“इंगे पारुंग अय्या,” हवालदार म्हणाले. इकडे बघा. बाबा हलले नाहीत. त्यांना ऐकू येत नसेल असं वाटून हवालदार पुन्हा मोठ्याने म्हणाले. बाबांनी मान आणखी थोडी वळवली.

“बाबा,” मी म्हणाले, “समोर बघा.”

“समोर?” त्यांना ते खरं वाटेना.

“हो. समोरच.”

त्यांनी बघितलं. दाढीचे खुंट, दमलेले डोळे, ओठांच्या कडेला चहा. हवालदारांनी एकदाच बटण दाबलं आणि फोटो झाला.

मग त्यांनी रजिस्टर उघडलं. ताब्यात देण्याआधी त्यांना बाबांनाही विचारायचं होतं. भाषेचा प्रश्न होता, म्हणून माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी हातानेच विचारलं, ही कोण?

बाबांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

“या फोटोवाल्या बाई,” ते म्हणाले. “रोज येतात. स्वभावाने चांगल्या आहेत.”

हवालदारांनी पेन उघडून माझ्याकडे पाहिलं. काय म्हणाले?

“माझी मुलगी आहे म्हणाले,” मी तमिळमध्ये सांगितलं, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.