जेवणापुरतं ऊन

माझी आई चंदना. सूर्य बुडाल्यावर घास तोंडात घालायचा नाही, हा आम्हा जैनांचा नेम तिनं जन्मभर पाळला. डोळ्यांनी दिसेनासं झालं तरी कोडोलीच्या घरी तिचं कधी अडलं नाही. मागच्या दाराच्या पायरीवर पश्चिमेला तोंड करून बसायची. गालावर ऊन आहे तोवर जेवण, ऊन गेलं की ताट बाजूला. आम्हा पोरांनाही तिथंच वाढायची, "ऊन हाय तवर बसा रे" म्हणत. ओल्या वैरणीचा वास, परतणाऱ्या म्हशींच्या घंटा आणि आईच्या हातची गरम भाकरी. काय दिवस होते ते!

मग माझ्या भावानं, पारसनं, कोल्हापुरात फ्लॅट घेऊन तिला आणलं. डिझायनर लावला. एक बटण दाबलं की निळा उजेड, दुसरं दाबलं की पिवळा. जिला दिसत नाही तिच्यासाठी हो! वर ऊन तापतं म्हणून पश्चिमेच्या खिडकीवर टीव्हीचं भलंमोठं कपाट ठोकलं. हौसेला मोल नसतं, पण अक्कल तरी असावी की नाही?

आई वाळायला लागली. डॉक्टर झाले, टॉनिक झालं. मी माहेरी गेले तेव्हा कळलं, बाई संध्याकाळची जेवतच नाही. पारस म्हणाला, बोलणारं घड्याळ आणून दिलंय, आम्हीही सांगतो, पण ऐकत नाही.

त्या दिवशी ऊन चांगलं वर होतं. ताट वाढलेलं होतं आणि आई कपाटावरनं हात फिरवत होती, कुठं ऊब लागते का बघत. पारस म्हणाला, "ऊन हाय गं अजून. जेव."

"मी उपाशी झोपू नये म्हणून तू खोटंबी बोलशील, बाळा," आई म्हणाली आणि तिनं ताट सारलं.

पारसनं कपाटाला हात लावून बघितला. मी त्याला झाडणार होते, पण त्याचं तोंड बघून ताट उचलून आत नेलं. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच सुतार बोलावला. कपाट निघालं, खिडकीसमोर बसायला कट्टा झाला.

आई कट्ट्यावर बसली, तोंड वर केलं. ऊन गालावर आलं. मला तर रडू आवरेना.

"हाय की," ती मला म्हणाली. "वाढ, दीपा. पारस, तूबी बस. ऊन हाय तवर."

रात्री दहाला जेवणारा माझा भाऊ गुपचूप ताट घेऊन तिच्या पायाशी बसला.