परसातला आवाज

“उमेदवाराचे गुंड आले तेव्हा सारी गल्ली दारे लावून बसली; एकटे आजोबा तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, उभे राहिले.” माझ्या पुतण्याचा मुलगा हे प्रत्येक लग्नात सांगतो आणि पाहुणे माझ्याकडे आदराने पाहतात. हे खोटे आहे. कसे खोटे, ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. तुम्हांला सांगतो — हा आदर वागवून थकलो आहे.

तमिळ मुलखातल्या आमच्या कुंभकोणमात पहिली सार्वत्रिक निवडणूक होती. उमेदवार मोठे जमीनदार. मी त्यांच्या भातगिरणीत कारकून. माझी धाकटी बहीण अंबू, तिचे यजमान रघुनाथराव शाळामास्तर, गावाच्या तमिळात वाध्यार — ते विरुद्ध बाजूने दारोदार फिरत. लोक त्यांचे ऐकत.

एके सकाळी मालकांनी मला बोलावले. विड्याला चुना लावीत हसून म्हणाले, “राव, तुमचे वाध्यार फार चालतात हो. पाय जपायला सांगा.” एवढेच. हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. कारण पुढचे शब्द त्यांचे नव्हते.

गुंड आले नव्हते, असे मी म्हणत नाही. आले, अंबूच्या तिण्णैसमोर थांबले, मला पाहून परतले. भिऊन? ते मला रोज गिरणीत पाहत. मालकाच्या कारकुनावर कोण हात उगारतो?

शिवाय, रघुनाथराव त्यांच्यामुळे घरी बसलेच नव्हते. आदल्या दिवशी दिवेलागणीला ते आणि अंबू परसात असताना भिंतीआडून कोणी दबक्या, बदललेल्या आवाजात बोलले होते — “मास्तर, कमळी एकटीच नदीकाठाने शाळेत जाते ना? जाऊ द्या. परत येईलच असे कोणी सांगावे?” सकाळी रघुनाथरावांनी प्रचार सोडला. लेकीची शाळाही सोडवली. कमळी पुन्हा कधी शाळेत गेली नाही.

का? मला नोकरीची भीती होती? की मेहुण्याचे लोक ऐकतात, माझे ऐकत नाहीत — हा मत्सर? दोन्ही होते. त्यांतले एकही पुरेसे नव्हते.

यावर घरचे म्हणतील, म्हातारा भ्रमला. धमकी गुंडांचीच होती. तर ऐका. अंबू ते शब्द जन्मभर जसेच्या तसे सांगत राहिली. बाहेर तमिळात ऐकलेले घरात मराठीत सांगण्याची आम्हां सर्वांची रीत. म्हणून कोणाला शंका आली नाही. पण अंबूने ते मराठीतच ऐकले होते. आणि त्या उमेदवाराच्या माणसांत मराठी येणारा मी एकटाच होतो.