तिसऱ्या चषकाची खरी हकीकत

माझा मित्र मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुवेतमधल्या मंगफच्या घरात बूट घालत होतो. शुक्रवार, मैदानावर निघायचं होतं. तो काम करायचा त्या इस्पितळातली नर्स बोलत होती... रात्रपाळीला लॅबमध्ये काम करतानाच हृदयविकाराचा झटका आला. सहा आठवडे झाले. तेव्हापासून मी एका जागी बसू शकत नाही. जेवताना उठतो, गाडी काढतो, सालमियापर्यंत जाऊन परत येतो. हे नुसतं दुःख नाही. काय आहे ते आता सांगतो.

मधू आणि मी नाशिकच्या एकाच कॉलेजचे. तिथला फुटबॉल एक चेंडू आणि अनवाणी अकरा पोरांपासून सुरू झालेला. आमच्या वेळेपर्यंत संघाने सलग दोनदा विद्यापीठाचा चषक आणला होता. तिसऱ्यांदा जिंकलो असतो तर तो कायमचा कॉलेजचा झाला असता. मधू गोलकीपर, मी बचावफळीत. अंतिम सामन्यात बरोबरी असताना एक उंच चेंडू आला. मधू ओरडला, "सोड अव्या, माझा!" मी ऐकलं. तरी उडी मारली, आणि माझ्या डोक्याला लागून चेंडू आमच्याच जाळ्यात गेला. प्रशिक्षक सरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मधूने हाकच दिली नाही." मधूने माझ्याकडे पाहिलं... आणि हातमोजे काढू लागला. विद्यापीठाच्या संघातून त्याचं नाव गळलं. माझं राहिलं.

पुढे नोकरीने दोघांनाही कुवेतला आणलं. तो हवल्लीत राहायचा आणि दर शुक्रवारी वाळूच्या मैदानावर आपली माणसं जमवून खेळायचा. मी धापा टाकू लागलो की गोलमधून ओरडायचा, "अव्या, पोटाला पास दे, तेच पुढे आहे!" दोन वर्षांपूर्वी कॉलेजने फुटबॉलच्या इतिहासाची स्मरणिका काढायचं ठरवलं आणि लेख माझ्याकडे मागितला. सगळे विजय मी मन लावून लिहिले. त्या सामन्यापाशी आलो... आणि "गोलकीपरच्या चुकीमुळे तिसरा चषक हुकला" असंच लिहिलं. मधू तेव्हा रजेवर निघाला होता. इथे पत्र गावी जाणाऱ्याच्या हातीच देतात, आणि कस्टमवाल्यांनी फाडू नये म्हणून पाकीट चिकटवत नाहीत. मीही लेखाचं पाकीट तसंच उघडं त्याच्याकडे दिलं. परतल्यावर तो म्हणाला, "पोचवलं रे. अक्षर तेवढं सुधार, कोंबडी चालून गेल्यासारखं आहे." म्हणजे त्याने वाचलं होतं. मी हसलो. त्यानंतर दर शुक्रवारी ठरवायचो, आज बोलू...

गेल्या आठवड्यात हवल्लीला गेलो. त्याची पत्नी, सुलभावहिनी, कायमचं नाशिकला परतायचं म्हणून सामान बांधत होत्या. "भावजी, हे बघा यांचे उद्योग," म्हणत त्यांनी छापलेली स्मरणिका पुढे केली. मधूने समासात भर घातली होती: मी विसरलेले राखीव खेळाडू, मैदान आखणाऱ्या शिपायाचं नाव. त्या सामन्याच्या पानाला मात्र हात लावला नव्हता.

मग मी त्या गोलचं खरं काय ते सांगितलं. शर्टाची घडी घालणारे वहिनींचे हात थांबले.

"लग्नात यांचे मित्र चिडवत होते, चषक घालवणारा नवरा मिळाला म्हणून. तुम्हीही हसत होतात, भावजी."

"हो."

"हे होते तेव्हा का नाही बोललात?"

मी स्मरणिकेतलं त्या सामन्याचं पान उघडलं. त्यांनी पेन आणून दिलं. "लिहा त्या पानावर. आणि खाली इंग्रजीतही लिहा. आमच्या मुलांना मराठी वाचता येत नाही."

मी उभ्यानेच दोन्ही भाषांत लिहिलं: मधूने हाक दिली होती, मी ऐकली होती. वहिनींनी दोन्ही वाचलं, शाई वाळेपर्यंत पान उघडं धरलं, आणि स्मरणिका बांधलेल्या सामानात न घालता हातातल्या पिशवीत ठेवली.