अंदाजाने टाकलेला आकडा

"थांबव. इथं मात्रा गेली," शास्त्रीकाका म्हणाले.

मी कॉम्प्युटर थांबवला, थोडं मागे नेऊन पुन्हा लावलं. मला काहीच खटकलं नाही. काकांनी मात्र त्याच जागी पुन्हा बोट वर केलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची ही गोष्ट. बनारसच्या एका खाजगी ध्वनिसंग्रहात मी टेक्निकल ऑफिसर होते. जुन्या टेप कॉम्प्युटरवर उतरवून घेणं हे माझं काम. भोसले घाटाजवळ राहणारे शास्त्रीकाका घनपाठी, म्हणजे वेदातले शब्द उलटसुलट क्रमाने पाठ म्हणणारे होते, आणि आमच्याकडे त्यांच्या गुरुजींची एकच टेप होती. गुरुजी जाऊन वीस वर्षं झाली होती. टेपचा तपकिरी थर सुटत चालला होता. वाजवताना मशीनवर चिमूटभर भुकटी पडली होती. मी ती एकदा वाजवून कॉपी केली होती. आणखी एकदा वाजली असती, त्यापुढे मी हमी देत नव्हते.

म्हणून ते बोट मला मान्य करायचं नव्हतं.

"काका, रेकॉर्डिंगच्या वेळीच गुरुजींची चूक झाली असेल," मी म्हटलं.

"गुरुजींची?" काका हसले. "अगं सुधा, घनपाठ आहे हा. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. एकच शब्द उलटसुलट किती वेळा येतो बघ. चूक झाली की लगेच पकडली जावी म्हणून तर ही सगळी खटपट. बाकी सगळ्या वेळा शब्द पुरा आहे, याच वेळी कापलेला. गुरुजी असं म्हणतीलच कसे?"

त्या दिवशी काकांनी एकूण सात ठिकाणी बोट वर केलं. मी वेळा लिहून घेतल्या आणि घरी जाऊन वजाबाक्या केल्या. दोन चुकांमधलं अंतर प्रत्येक वेळी सारखंच होतं, चार मिनिटं आणि काही सेकंद. माणूस इतक्या नेमाने चुकत नाही, मशीन चुकतं.

आमचे डायरेक्टर म्हणाले, "पंडितजी सत्तर के हैं. उनके कान भी सत्तर के हैं." मी वजाबाक्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. तो वाचून त्यांनी स्वतःच दिल्लीचा फोन लावून दिला.

साउंड कार्ड आणि त्याचं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं होतं, तिचा सपोर्ट इंजिनिअर सक्सेना. आवाज गोड, उत्तर तयार. "मैडम, इतना छोटा ड्रॉप ह्यूमन इअर सुन ही नहीं सकता."

"इथे एकजण ऐकतायत."

"सोर्स कोड तो मुझे भी नहीं दिखाते, मैडम. मैं क्या करूँ?"

सोर्स कोड म्हणजे प्रोग्रॅम लिहिलेला मूळ मजकूर. कंपन्या तो कुलपात ठेवतात आणि आपल्याला फक्त चालणारा प्रोग्रॅम देतात. मिठाई मिळते, कृती मिळत नाही. पण जगात काही खुळे लोक कृतीही वाटत होते. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मला त्याच कार्डासाठी लिहिलेला असा एक फुकट ड्रायव्हर सापडला. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि कार्ड यांच्यातला दुभाष्या. लिहिणारा ऑस्ट्रियातला कोणी योहान, पोटापाण्यासाठी शाळेत गणित शिकवणारा.

गुरुजींच्या टेपला हात लावायचा नव्हता. म्हणून काकांनी स्वतः तासभर घनपाठ म्हटला, तो मी नव्या कॅसेटवर घेतला आणि तिथून योहानचा ड्रायव्हर लावून कॉम्प्युटरमध्ये. काकांचं बोट पुन्हा वर, पुन्हा दर चार मिनिटांनी. मी हिरमुसले. मग कोड उघडला, कारण इथे तो उघडता येत होता. अर्ध्या वाटेवर एक आकडा होता आणि शेजारी योहानने लिहिलेली ओळ: 'हा आकडा मी अंदाजाने टाकला आहे. कंपनी माहिती देत नाही. चुकीचा असू शकतो.'

इतकं सरळ वाक्य मी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये वाचलं नव्हतं.

त्याला ई-मेल केली. दोन दिवसांत उत्तर आलं. आलेला आवाज कार्ड आधी आपल्या पोटातल्या एका छोट्या टाकीत साठवतं. कॉम्प्युटरने ती भरण्याआधी उपसायची असते. टाकी नेमकी केवढी ते ठाऊक नसेल, तर कधीतरी थोडा आवाज सांडणारच. 'कंपनीच्या कागदात तो आकडा असेल. मी तीनदा मागितला. तुम्ही गिऱ्हाईक आहात, तुम्ही मागून पाहा.'

मी मागितला. सक्सेना म्हणाला, कागद बाहेर देण्याचा नियम नाही. मी म्हटलं, कागद नको, तुम्ही या आणि ऐका. आश्चर्य म्हणजे तो आला. नेमका प्रतिपदेला.

"आज अनध्याय," काका म्हणाले. अनध्यायाला वेद म्हणायचे नाहीत, ऐकवायचेही नाहीत. सक्सेनाचं परतीचं तिकीट संध्याकाळचं होतं. मी तारीख पंचांगात पाहिली नव्हती. मराठी घरातल्या बाईने करू नये अशी चूक. काकांनी त्याला घरी वरणभात जेवू घातला, मुन्शी घाटावरून नावेत बसवून घाट दाखवले, आणि तिकीट दुसऱ्या दिवसावर गेलं.

दुसऱ्या दिवशी काकांची कॅसेट कंपनीच्याच सॉफ्टवेअरने उतरवून लावली. काका डोळे मिटून बसले. सक्सेना हातातल्या घड्याळाकडे बघत होता. बोट वर गेलं. चार मिनिटांनी पुन्हा गेलं. प्रत्येक वेळी मी कॅसेट लावून दाखवली; कॅसेटवर मात्रा शाबूत होती. चौथ्या खेपेला सक्सेनाने घड्याळ उतरवून टेबलावर ठेवलं.

"मान गया, पंडितजी," तो म्हणाला आणि वाकून पाया पडला.

आठवड्याने दिल्लीहून एका पानाचा फॅक्स आला, वरिष्ठांच्या सहीनिशी. टाकीचा एक छोटा कोपरा कार्ड स्वतःसाठी राखून ठेवतं, म्हणून ती धरलेल्या वेळेआधीच भरते, असं त्यात लिहिलं होतं. सक्सेनाने फोनवर बाकीचं सांगितलं: "मैडम, हमारे अपने ड्रायव्हरवालों ने भी ये पन्ना नहीं पढ़ा था. अलमारी में बंद था." हे त्याने सांगायलाच हवं असं नव्हतं. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला.

मी खरा आकडा योहानला कळवला. त्याने दोन ओळी बदलल्या आणि नवा ड्रायव्हर साऱ्या जगासाठी ठेवून दिला. मी आधी काकांच्या कॅसेटवर तपासला. तासभर त्यांचं बोट मांडीवरून हललं नाही.

मग गुरुजींची टेप लावली. टेप संपली तेव्हा मशीनखाली भुकटीचा ढीग होता. मी नवी कॉपी लावली. काका ऐकत राहिले. एके ठिकाणी, जिथे पहिल्या खेपेला बोट वर गेलं होतं, तिथे शब्द आता पुरा होता आणि त्याच्या मागोमाग बारीकसा खोकला ऐकू आला.

"हा खोकला," काका म्हणाले. "शिष्य चुकला की गुरुजी असे खोकायचे. त्या दिवशी समोर मी बसलो होतो, त्यांच्याबरोबर पुटपुटत होतो. मीच चुकलो होतो." आणि ते रडू लागले.

ती टेप पुन्हा वाजली नाही. कंपनीनेही पुढे आपला ड्रायव्हर सुधारला, आणि त्यांच्या माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर, बारीक टायपात का होईना, योहानचे आभार होते. योहानच्या कोडमधली जुनी ओळ मात्र बदलली होती: 'हा आकडा आता खरा आहे. बनारसच्या एका पंडितांनी तपासला.'

चूक कंपनीची आणि योहानची, दोघांचीही होती. योहानने अंदाजाला अंदाज म्हणून लिहून ठेवलं होतं, म्हणून कुठे शोधायचं ते कळलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक रिपोर्टात 'हे मला नक्की माहीत नाही' असा एक रकाना असायचा. डायरेक्टरांना तो कधी आवडला नाही.