सिस्टरांच्या बॅगेतला पत्ता

एमआयडीसीतल्या ऑफिसमधून निवृत्त झाले त्या वर्षी कपाट आवरताना माझी जुनी चामड्याची पर्स सापडली. बुरशीने पांढरी पडली होती. बोईसरच्या आमच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, पण त्याची दमट हवा कपाटापर्यंत बरोबर पोहोचते. पर्स टाकवेना, म्हणून स्टेशनबाहेर चपला-बॅगा शिवायला बसणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि परत दिली.

"ये तो घर पे हो जाएगा, मॅडम. बस धूप में मत सुखाना. और नारियल तेल बिलकुल नहीं."

घरी गॅलरीत बसून मऊ ब्रशने बुरशी झाडली, चामड्याच्या साबणाचा फेस चिंधीवर घेऊन पुसली, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दोन दिवस सावलीत ठेवली. मग जुन्या बनियनच्या तुकड्याने क्रीम चोळलं. कोरडं, राखाडी पडलेलं चामडं क्रीम पिऊन हळूहळू पुन्हा तपकिरी झालं. ते बघत मी बराच वेळ बसून राहिले. मग शेजारणीची पर्स आली, तिच्या नणंदेची आली, आणि मला कामच लागलं.

अशाच एके दिवशी सिस्टर आल्या. सातपाटीच्या, सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढलेल्या. माझ्या धाकट्याच्या वेळी बाळंतपणाला त्याच होत्या. आता सत्तरी ओलांडली होती. त्यांनी पिशवीतून एक काळी, चौकोनी हँडबॅग काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"नर्सिंगला गेली तवा बाबाने घेतलेली. सादी साफ कर, बाय. नवी दिसायला नको."

चार दिवस मी त्या बॅगेवर मन लावून काम केलं. पितळी कडी लिंबाने घासली, शिवणींतली घाण दातकोरण्याने काढली. शेवटी झाकण उघडलं तर आतल्या बाजूला निळे फराटे दिसले. बॉलपेन गळलं असेल, असं मला वाटलं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून मी घासायला लागले. डाग सुटत होता तसा मला हुरूप येत होता. अगदी कडेला आले तेव्हा हात थांबला. कडेला जे उरलं होतं तो डाग नव्हता. वेडीवाकडी अक्षरं होती. 'पाटी'.

म्हणजे मी पुसला होता तो पत्ता. सातपाटीचा.

बोळा निळाशार झाला होता. चष्मा लावून, दिव्याखाली धरून झाकण पुन्हा पुन्हा बघितलं, पण काही वाचता येईना. नवरा म्हणाला, "सांगू नकोस. त्यांच्या लक्षातही यायचं नाही." क्षणभर मलाही तसंच वाटलं. पण त्या बॅग उघडतील तेव्हा मी समोर नसेन, हे काही मनाला पटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने पालघर आणि तिथून रिक्षाने सातपाटी गाठली. सिस्टर दारातच सुकट निवडत बसल्या होत्या. मी बसलेसुद्धा नाही. बॅग उघडून दाखवली आणि म्हटलं, "सिस्टर, माझ्या हातून चूक झाली. शाईचा डाग समजून मी पुसलं."

त्यांनी हात पदराला पुसले. झाकणावरून बोट फिरवलं.

"बाबा शाळेत गेलेला नाय," त्या म्हणाल्या. "आयुष्य होडीवर गेला. मी शहरात जाणार, बॅग हरवली तर कोण आणून देल, म्हणून पत्ता लिहायचा होता. मी लिहिते म्हटला तर नाय म्हणाला. पंधरा दिवस माझ्या पाटीवर गिरवला, आणि मग यात लिहिला. त्यान् दुसरा कायच लिहिला नाय कधी."

मी बॅग त्यांच्या हातात दिली.

"विचारायचा होता, बाय," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं वाटलं असतं. मग त्या बॅग घेऊन आत गेल्या. मी थोडा वेळ थांबले. त्या बाहेर आल्या नाहीत, तशी परत फिरले.

त्यानंतर दोन महिने मी कुणाचीच बॅग घेतली नाही. ब्रश, डबे सगळं माळ्यावर टाकलं. फोन करावा असं रोज वाटायचं, पण करून बोलायचं काय?

गणपती गेल्यावर त्यांचाच फोन आला. "पट्ट्याची शिलाई उसवलीय. येशील?"

मी सुई, मेण लावलेला दोरा आणि चामड्याला भोक पाडायची आरी घेऊन गेले. बॅग बोईसरला नेऊ का, असं मी विचारलं नाही आणि त्यांनीही सुचवलं नाही. ओसरीवर बसून मी पट्टा शिवायला घेतला. सिस्टर समोर बसल्या. बॅग त्यांच्याच मांडीवर होती, पट्ट्याचं टोक तेवढं माझ्या हातात.

"अजून पेन्शनच्या कामाला हीच नेते," त्या म्हणाल्या. "बँकेतल्या पोरी हसतात."

मी टाका ओढण्याआधी विचारलं, "इथून घेऊ?"

त्यांनी वाकून बघितलं. "घे."

प्रत्येक टाक्याला मी विचारत गेले. पाच-सहा टाक्यांनंतर त्या हसल्या आणि आत चहा ठेवायला उठल्या. जाताना बॅग त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.